बबलगम गाणी : एक अभ्यास



आपल्या वार्तापत्रातील अभ्यासलेखासाठी आम्ही बहुधा इतिहास, विज्ञान किंवा व्याकरणातला विषय घेतो. यंदा विषय गाण्यांचा आहे आणि त्याला कारण आहे. वार्षिक स्नेहसंमेलन झाल्यावर आमच्याकडे दोन प्रकारचे अभिप्राय आले. काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे की, मुलांना उडत्या चालीची हलकी गाणी करू देऊ नयेत. नाट्यगीत, भावगीत, अभंग एवढेच असावे. काही तरुण पालकांचे म्हणणे असे की, मुलांना जे आवडते ते करू द्यावे, एवढ्या-तेवढ्याचा विचार करू नये. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत याचा निर्णय व्हायचा आहे.

निर्णय कोणताही होवो, त्याआधी एक गोष्ट समजून घेणे बरे. हलके गाणे म्हणजे नेमके काय? ते कोण तयार करते, कसे तयार करते, आणि ते डोक्यात का बसते? याचा अभ्यास करायला जगातले सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे अमेरिकेतले ‘बबलगम पॉप’. या गाण्यांचा खरा बहर १९६७ ते १९७२ या पाच-सहा वर्षांचा. आमच्या पिढीला ही गाणी पुष्कळ उशिरा, कॅसेटींवरून ऐकायला मिळाली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे इंग्रजी शब्द निम्मे कळत नसत. पण चाल मात्र एकदा ऐकली की तोंडात बसे. शब्द न कळता चाल कशी बसते, हे कोडे तेव्हापासूनचे आहे.

नाव कोठून आले

आधी बबलगमची हकीकत. आपल्याकडे सगळे त्याला ‘चिंगम’ म्हणतात, पण फुगा होणारे चिंगम वेगळे. ते १९२८ साली फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीत तयार झाले. तयार करणारे वॉल्टर डीमर हे कंपनीचे हिशेबनीस होते, रसायनतज्ज्ञ नव्हते. फावल्या वेळात प्रयोग करताना त्यांना हे मिश्रण जमले. हाताशी गुलाबी रंग होता, तोच त्यांनी घातला. म्हणून बबलगम आजही गुलाबी असते. गोड, स्वस्त, मऊ, आणि पोट भरण्याशी काही संबंध नसलेली ही वस्तू मुलांना फार आवडली.

पुढे चाळीस वर्षांनी हेच नाव गाण्यांना मिळाले. न्यूयॉर्कमध्ये जेरी कॅसनेट्झ आणि जेफ्री कॅट्झ हे दोन तरुण निर्माते होते. बुद्धा रेकॉर्ड्स नावाच्या कंपनीत नील बोगार्ट त्यांच्याबरोबर होते. आपली गाणी कोण विकत घेणार, तर बबलगम चघळणारी शाळकरी मुले, असा हिशेब करून त्यांनी या गाण्यांना ‘बबलगम’ म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आधी ठरले, मग त्याच्या मापाने गाणे बेतले गेले. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘सायमन सेज’

१९६८ साली ‘१९१० फ्रूटगम कंपनी’ या वाद्यवृंदाचे ‘सायमन सेज’ हे गाणे अमेरिकेच्या यादीत चौथ्या आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. हे गाणे मुलांच्या एका खेळावर बेतलेले आहे. खेळ असा की, एक मुलगा सायमन होतो. ‘सायमन म्हणतो’ असे सांगून जे सांगेल ते करायचे, आणि नुसती आज्ञा दिली तर हलायचे नाही. आपल्या मुलांना हा खेळ शिकवावा लागणार नाही, कारण आपल्या अंगणात तो ‘शिवाजी म्हणतो’ या नावाने वर्षानुवर्षे चालत आला आहे. याच वाद्यवृंदाचे पुढचे मोठे गाणे ‘वन, टू, थ्री, रेड लाइट’. त्याचे नावही खेळातल्या आरोळीसारखेच.

गाणाऱ्यांना ठाऊक होते की मुलांच्या खेळात चाल आधीपासूनच असते. खेळताना मुले ओरडतात तो ठेका, आकडे मोजण्याची लय, टाळी पडण्याची जागा, हे सारे तयारच होते. निर्मात्यांनी ते उचलून त्याला गिटार आणि ऑर्गन लावले. नव्याने काही शिकावे न लागल्याने मुलांनी ते गाणे पहिल्याच दिवशी उचलले.

आवाज कोणाचा?

त्याच वर्षी ‘ओहायो एक्स्प्रेस’ या नावाने ‘यमी, यमी, यमी’ हे गाणे आले आणि तेही अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. हे गाणे आर्थर रेझनिक आणि जोई लेव्हिन या दोघांनी लिहिले. लेव्हिन यांनी नमुन्यासाठी स्वतःच्या आवाजात ते गाऊन ठेवले होते. निर्मात्यांना तो नाकातला, थोडा चेंगट आवाज इतका पसंत पडला की तोच तबकडीवर गेला. ओहायो राज्यातले ओहायो एक्स्प्रेसचे खरे वादक मात्र गावोगाव फिरून हे गाणे सादर करीत राहिले. लोक टाळ्या वाजवीत एकासाठी, आणि तबकडीवर आवाज दुसऱ्याचा.

लेव्हिन यांनी पुढे जाहिरातींची गाणी लिहिण्यात मोठे नाव कमावले. यात नवल नाही. अर्ध्या मिनिटात डोक्यात बसेल अशी ओळ लिहायची ही कला दोन्हीकडे एकच आहे.

कागदावरची मुले आणि ‘शुगर, शुगर’

आता या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध गाणे पाहू. १९६६ साली अमेरिकेच्या दूरदर्शनवर ‘द मंकीज’ नावाची मालिका सुरू झाली. त्यासाठी चार तरुणांची निवड करून एक वाद्यवृंद उभा केला होता. त्यांच्या गाण्यांची जबाबदारी डॉन किर्शनर यांच्याकडे होती. गाणी तुफान चालली, पण त्या चौघांना आपली वाद्ये आपणच वाजवायची होती आणि गाणीही आपणच निवडायची होती. भांडण झाले आणि १९६७ मध्ये किर्शनर यांना जावे लागले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते गमतीचे आहे. वाद घालू न शकणारा वाद्यवृंद त्यांनी घेतला: कार्टूनचा! आर्ची, बेटी, व्हेरोनिका, जगहेड आणि रेजी ही मुले १९४१-४२ पासून चित्रकथांत होती. इंदूरच्या ज्या मंडळींनी उन्हाळ्याच्या सुटीत भाड्याच्या वाचनालयातून आर्चीची पुस्तके आणली, त्यांना ती चांगली ठाऊक असतील. सप्टेंबर १९६८ मध्ये ‘द आर्ची शो’ सीबीएस वाहिनीवर आला. कार्टूनमधली मुले वाजवीत आणि गात. पडद्यामागे न्यूयॉर्कचे कसलेले वादक वाजवीत आणि रॉन डान्टे गात. टोनी वाइन यांचा स्त्रीस्वरही त्यात आहे.

१९६९ साली या ‘आर्चीज’चे ‘शुगर, शुगर’ आले. गीत आणि संगीत जेफ बॅरी व अँडी किम यांचे. सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तेथे राहिले. ब्रिटनमध्ये ते आठ आठवडे पहिले होते. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या वार्षिक यादीत त्या संपूर्ण वर्षाचे पहिले गाणे हेच ठरले.

हे वर्ष कोणते होते ते विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या वहीत पाहावे. जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा प्रचंड संगीतमेळा झाला. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि विद्यार्थी रस्त्यावर होते. गंभीर गाणी लिहिणारे मोठमोठे कलावंत त्या काळात जोमात होते. तरीही वर्षाचे पहिले गाणे कागदावरच्या मुलांनी गायलेले, गोड खाऊच्या नावाचे निघाले. समीक्षकांनी नाके मुरडली. पण पुढच्याच वर्षी विल्सन पिकेट या सोल संगीताच्या भारदस्त गायकाने तेच गाणे आपल्या ढंगात गायले आणि तेही चालले. चाल कच्ची असती तर इतक्या वेगळ्या गळ्यात ती टिकली नसती.

रॉन डान्टे यांच्याबद्दल एक गोष्ट राहिली. त्याच १९६९ साली ‘द कफ लिंक्स’ या नावाने ‘ट्रेसी’ हे गाणेही गाजले. तो आवाजही त्यांचाच. एका वर्षात दोन गाजलेली गाणी, आणि दोन्ही तबकड्यांवर नाव दुसऱ्याच कोणाचे तरी.

कृती

आता स्वयंपाकाच्या पुस्तकात देतात तशी कृती देतो. ही गाणी ऐकून साहित्य असे निघते:

१. लांबी : साधारण अडीच ते तीन मिनिटे. कंटाळा येण्याआधी गाणे संपते आणि पुन्हा लावावेसे वाटते.

२. सूर : फार थोडे. ‘शुगर, शुगर’चा बहुतेक भार तीन स्वरसमूहांवर आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, म आणि प यांवर उभारलेले. पेटी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत हे जमते.

३. मुखडा : लवकर येतो आणि वारंवार येतो. शब्द एक-दोन अक्षरांचे, तोंड भरून म्हणता येणारे. इंग्रजीत याला ‘हुक’ म्हणजे गळ म्हणतात. आपण पालुपद म्हणतो.

४. टाळी : ठेका असा की हात आपोआप हलावेत.

५. उत्तर : मुखड्याच्या दोन तुकड्यांमध्ये एखादे वाद्य छोटेसे उत्तर देते. ‘शुगर, शुगर’मध्ये हे काम कीबोर्ड करतो. गाणारा थांबला तरी डोके थांबत नाही.

६. विषय : खेळ, खाऊ, मैत्री. कोणाचेही मन दुखवणारे काही नाही.

ही कृती सोपी दिसते, पण सर्वांना जमत नाही. जेफ बॅरी यांनी त्याआधी कित्येक वर्षे मोठमोठ्या गायकांसाठी गाणी लिहिली होती. साधी पोळी गोल लाटायला वर्षे लागतात, तसेच हे.

१९७० साली डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने याच कृतीत उत्तम गायन आणि उत्तम वादन घालून ‘द जॅक्सन फाइव्ह’चे ‘ए बी सी’ काढले. शाळेतली अक्षरे आणि आकडे यांचेच ते गाणे. मुख्य गायक मायकल जॅक्सन तेव्हा अकरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या सहावीतल्या मुलाएवढा. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. हलके गाणे निकृष्टच असते, हे म्हणणे तेथे टिकत नाही.

डोक्यात का अडकते?

जर्मन भाषेत याला एक शब्द आहे, ‘ओअरवुर्म’. त्याचा अर्थ कानातला किडा. नको असताना डोक्यात फिरत राहणाऱ्या गाण्याचे हे नाव. यावर खरोखर संशोधन झाले आहे. ब्रिटनमधील डरॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३००० लोकांना त्यांच्या डोक्यात अडकणारी गाणी विचारली. सर्वाधिक नावे आलेली १०० गाणी घेतली आणि तितकीच लोकप्रिय, पण कोणाच्या डोक्यात न अडकलेली १०० गाणी त्यांच्याशी ताडून पाहिली. अडकणाऱ्या गाण्यांची लय जलद होती. त्यांच्या सुरांची चढउतार ओळखीची होती, अगदी बालगीतांसारखी. पण त्या ओळखीच्या वाटेवर कोठे तरी एक अनपेक्षित उडी किंवा पुनरावृत्ती होती. ओळखीचे पुष्कळ आणि नवे चिमूटभर, हेच त्याचे गुपित.

दुसरा अभ्यास रेडिंग विद्यापीठातला, फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. डोक्यात अडकलेले गाणे घालवायला चिंगम चघळल्याने मदत होते, असे त्यांना आढळले. गाणे मनात फिरते तेव्हा आपण आतल्या आत ते जणू म्हणत असतो. जबडा दुसऱ्या कामाला लागला की त्या म्हणण्यात अडथळा येतो. म्हणजे बबलगमच्या गाण्यावरचा उतारा बबलगमच! तरीही विद्यार्थ्यांनी हा लेख दाखवून वर्गात चिंगम खाण्याची परवानगी मागू नये. बाकाखाली चिकटलेले चिंगम खरवडण्याचे काम शिपाईकाकांना करावे लागते.

आपल्या घरातली बबलगम

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याशी त्याचा संबंध काय?

एक दुवा सरळ आहे. बंगळूरूत जन्मलेले बिद्दू लंडनला गेले आणि तेथे संगीतकार झाले. १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ केले. ते तबकडीच्या मागच्या बाजूसाठी ध्वनिमुद्रित झाले होते, पण तेच ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिले ठरले. १९८० साली त्याच बिद्दूंनी ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी ‘आप जैसा कोई’ केले. गायिका नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची होती. आमच्या वर्गातली सगळी मुले ते गुणगुणत असत. त्याच्या चालीतली गोडी आणि ठेका कोठून आला, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

दुसरा दुवा याहून जवळचा आहे. आमच्या शाळेत आता मराठी हा आठवड्यातल्या मोजक्या तासांचा विषय आहे. मुले मोहल्ल्यात हिंदी बोलतात, शिकवणीत इंग्रजी, आणि घरी आजी असली तरच मराठी. पाचवीच्या वर्गात आम्ही विचारले की, न पाहता किती गाणी येतात? हिंदी गाणी बोटांवर मावेनात, कोरियन गाणीसुद्धा निघाली. मराठी म्हणताच वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “सर, आरत्या येतात.” आणि खरेच, ज्यांना मराठीत चार वाक्ये धड लिहिता येत नाहीत, त्यांना गणपतीच्या आरत्या अथपासून इतिपर्यंत पाठ होत्या.

हे कसे झाले? कोणी शिकवणी लावली नव्हती. वरच्या कृतीकडे पुन्हा पाहा. चाल ओळखीची, पालुपद प्रत्येक कडव्यानंतर, टाळ आणि टाळ्या, आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पुनरावृत्ती. पावसाला पैसा देऊ करणारे बालगीत, भोंडल्याच्या फेरातली गाणी, पाढ्यांची चाल, सर्वांची घडण अशीच आहे. भक्तीची आणि बाजाराची तुलना आम्ही करीत नाही; हेतू अगदी वेगळे आहेत. पण कान तोच आहे आणि कानाची वाटही तीच. आमच्या आज्यांना ही कृती न्यूयॉर्कच्या निर्मात्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होती.

सावध कोठे राहावे

ही गाणी आवडतात म्हणून त्यांची दुसरी बाजू झाकू नये. तेथे गिऱ्हाईक आधी ठरले होते, हे वर सांगितलेच. आर्चीजची गाणी न्याहारीच्या धान्याच्या खोक्यामागे पुठ्ठ्याच्या तबकडीवर छापून येत. मुलाने खोके मागायचे, आईने विकत घ्यायचे, मग तबकडी कापून वाजवायची. आज खोके नाही, फोन आहे. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्याच्यामागून विकायची वस्तू येते. मुलांना गाणे बंद करण्यापेक्षा हा व्यवहार समजावून सांगणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. ज्याला गळ दिसतो, तो मासा सहसा अडकत नाही.

दुसरी सावधगिरी नावाची. ज्याचा आवाज, त्याचे नाव तबकडीवर नाही, हे आपण पाहिले. आपल्या संमेलनाच्या पत्रिकेतही नाचणाऱ्यांची नावे असतात, पण गीतकार, संगीतकार, मूळ गायक यांची नसतात. यापुढे ती छापावीत.

आमचा प्रस्ताव

विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवीत आहोत. स्नेहसंमेलनात नाट्यगीत, भावगीत आणि अभंग आहेत तसेच राहावेत. त्यांची तयारी कमी होऊ नये. उडत्या चालीच्या गाण्यांवर बंदी नसावी, पण गाणे निवडणाऱ्या गटाने त्याचे कर्ते कोण ते शोधून सांगावे. आणि प्रत्येक वर्गाने अडीच मिनिटांचे एक नवे मराठी गाणे स्वतः रचावे. विषय खेळ, खाऊ किंवा मैत्री. पोहे-जलेबीवर झाले तरी चालेल. व्याकरण शिक्षक तपासतील, पण शब्द मुलांचेच राहावेत. हिंदी शब्द आला तर घाबरू नये, आपल्या इंदुरी मराठीत तो येणारच.

मराठी टिकावी म्हणून भाषणे पुष्कळ होतात. मूल जी भाषा कोणी न सांगता गुणगुणते, ती टिकते. आमची आशा तेवढीच आहे की संमेलन झाल्यावर एखादे मूल सायकलवरून घरी जाताना आपल्याच वर्गाचे पालुपद म्हणत जाईल.

स्वाध्याय

१. तुमच्या डोक्यात या आठवड्यात अडकलेले गाणे कोणते? त्यात वरच्या सहापैकी कोणत्या गोष्टी सापडतात?

२. आजी-आजोबांना विचारून खेळताना म्हणायचे एक जुने मराठी गाणे लिहून आणा. टाळी कोठे पडते तेथे खूण करा.

३. तुम्हाला आवडणाऱ्या एका गाण्याचे गीतकार, संगीतकार व गायक शोधा. पडद्यावर दिसणारा आणि गाणारा एकच आहे का?

४. पालकांसाठी : लहानपणी शब्द न कळताही पाठ झालेले एक गाणे मुलांना म्हणून दाखवा.